पत्रकारिता विभागाला स्वतःचे वृत्तपत्र द्या: कुलगुरूंना खुले पत्र

महाराष्ट्रातील सर्व सार्वजनिक विद्यापीठांच्या माननीय कुलगुरूंस,



मराठी वृत्तपत्रे उभी केली ती शिक्षकांनी. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर पुढे एल्फिन्स्टनमध्ये गणित आणि खगोलशास्त्र शिकवू लागले. १८८१ मध्ये ‘केसरी’ काढणारे टिळक आणि आगरकर आदल्याच वर्षी उघडलेल्या न्यू इंग्लिश स्कूलमधले शिक्षक होते. ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर पुढे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. शिकवणे आणि छापणे ही त्या माणसांच्या लेखी दोन वेगळी कामे नव्हती.

आज राज्यातल्या बहुतेक विद्यापीठांत पत्रकारितेचा विभाग आहे. शेकडो मुले-मुली दरवर्षी प्रवेश घेतात. बहुतेक विभागांकडे मात्र नियमित निघणारे, गावाने वाट पाहून वाचावे असे वृत्तपत्र नाही. वर्षातून एखादा सरावाचा अंक निघतो, त्यात विभागातल्या कार्यक्रमांचे फोटो आणि मान्यवरांचे संदेश येतात, आणि तो अंक कपाटात जातो. या पत्रात मागणी एकच आहे: प्रत्येक पत्रकारिता विभागाला स्वतःचे खरे वृत्तपत्र द्यावे, ते गावासाठी निघावे, आणि त्याच्या मजकुरात विद्यापीठाने हात घालू नये.

ही कल्पना नवी नाही, ती जगातल्या सुरुवातीच्या पत्रकारिता विद्यालयांइतकीच जुनी आहे. १९०८ च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ‘केसरी’तल्या लेखांबद्दल टिळकांना सहा वर्षांची शिक्षा सुनावली. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला अमेरिकेत कोलंबिया या गावी मिसुरी विद्यापीठाने पत्रकारितेचे विद्यालय उघडले. वर्ग ज्या दिवशी सुरू झाले, त्याच दिवशी विद्यार्थ्यांनी काढलेल्या ‘मिसुरियन’चा पहिला अंक निघाला. आधी सिद्धान्त आणि दोन वर्षांनी प्रात्यक्षिक असा क्रम तिथे ठेवलाच नव्हता. शंभराहून अधिक वर्षे झाली, ते पत्र आजही निघते. बातमीदार विद्यार्थी असतात, त्यांच्या डोक्यावर अनुभवी संपादक असतात, आणि वाचक म्हणजे त्या गावचे नागरिक. नगरपालिकेची बैठक, शाळा मंडळाचा ठराव, न्यायालयातला खटला यांच्या बातम्या ती मुले देतात. चुकले तर दुसऱ्या दिवशी गाव विचारते.

या विद्यालयाचे पहिले अधिष्ठाता वॉल्टर विल्यम्स स्वतः कधी कॉलेजात गेलेले नव्हते. ते छापखान्यात आणि संपादकाच्या खुर्चीत घडले होते. पुढे ते त्याच विद्यापीठाचे अध्यक्ष झाले.

भारतात विद्यापीठीय पत्रकारितेचा पाया १९४१ मध्ये लाहोरला, पंजाब विद्यापीठात घातला गेला. फाळणीनंतर तो विभाग दिल्लीला आला आणि पुढे चंडीगडला गेला. महाराष्ट्रात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजने १९५२ मध्ये विभाग सुरू केला. अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक रोलंड वोल्सली त्यासाठी नागपुरात येऊन राहिले होते. पुण्यात १९६४ मध्ये रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत वर्ग भरू लागले. १९६५ मध्ये दिल्लीत भारतीय जनसंचार संस्था उभी राहिली; तिचे एक केंद्र आता अमरावतीत आहे आणि तिथे मराठी पत्रकारिता शिकवली जाते. २००० च्या सुमारास मुंबई विद्यापीठाने मास मीडियाची पदवी सुरू केली आणि उपनगरातल्या गल्लीबोळातल्या कॉलेजांपर्यंत हा विषय पोचला. विस्तार भरपूर झाला. पण मिसुरीने पहिल्या दिवशी जे केले, ते या सगळ्या प्रवासात आपल्याकडे राहून गेले.

पत्रकारिता वर्गात शिकवता येत नाही, असे जुने संपादक म्हणत आले. त्यांच्याकडे पुरावाही होता. मराठीतल्या कित्येक नामवंत संपादकांकडे या विषयाची पदवी नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास केला आणि परतल्यावर १९२० मध्ये ‘मूकनायक’ सुरू केले, १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’. ‘सकाळ’ काढणारे डॉ. ना. भि. परुळेकरही अमेरिकेत शिकून आले होते. १९३२ मध्ये त्यांनी पुण्यात दैनिक सुरू केले आणि गावोगावी वार्ताहर नेमून स्थानिक बातमीला पहिल्या पानाचा मान मिळवून दिला. या लोकांना बातमी वर्गात शिकवली गेली नव्हती, हे खरेच आहे. मात्र त्यातून विद्यापीठाने हा विषय सोडून द्यावा असा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो एवढाच, की नुसता वर्ग पुरत नाही.

मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज उघडले, त्याच वर्षी शेजारी जे. जे. रुग्णालयही उघडले. रुग्णालयाशिवाय डॉक्टर घडवता येईल असे तेव्हाच्या कोणालाही वाटले नाही. आजही रुग्णालय जोडलेले नसेल तर वैद्यकीय महाविद्यालयाला मान्यता मिळत नाही. पत्रकारिता विभागाला मात्र वृत्तपत्राशिवाय मान्यता मिळते, अनुदानही मिळते, आणि पदव्याही देता येतात.

वृत्तपत्र नसल्याने काय बिघडते, ते अभ्यासक्रमातल्या एका उदाहरणावरून दिसेल. ‘अजेंडा सेटिंग’ हा सिद्धान्त राज्यातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला परीक्षेसाठी करावा लागतो. मॅक्सवेल मॅक्कॉम्ब्स आणि डोनल्ड शॉ या दोघांनी १९६८ च्या अमेरिकन निवडणुकीत चॅपेल हिल या लहानशा विद्यापीठी गावातल्या १०० मतदारांना विचारले की त्यांच्या मते महत्त्वाचे प्रश्न कोणते. मग त्या दिवसांत माध्यमांनी कोणत्या प्रश्नांना किती जागा दिली, ते मोजले. दोन्ही याद्या ताडून पाहिल्या आणि १९७२ मध्ये निबंध छापला. एवढे काम परभणीत होऊ शकते, सोलापुरात होऊ शकते. शंभर मतदार आणि चार दैनिकांचा महिनाभराचा गठ्ठा एवढेच त्याला लागते. आपल्याकडे त्या सिद्धान्ताची व्याख्या, तीन वैशिष्ट्ये आणि दोन मर्यादा लिहून दहा गुण मिळतात. सिद्धान्त नकोत असे कोणी म्हणत नाही. पण तो सिद्धान्त ज्या कामातून निघाला ते काम आपली मुले करत नाहीत, हे दुःख आहे.

आता खरे वृत्तपत्र असेल तर काय घडेल, तेही पाहू. समजा, मराठवाड्यातल्या एखाद्या विद्यापीठाचा विभाग दर आठवड्याला आठ पानांचे पत्र काढतो. एप्रिल उजाडतो, गावांत टँकर सुरू होतात. एका विद्यार्थिनीला एक गाव दिले जाते. लोकसंख्या दीड हजार. टंचाईच्या दिवसांत माणशी दिवसाला २० लिटर पाणी देण्याचा सरकारी निकष आहे, म्हणजे गावाला दिवसाला ३० हजार लिटर हवे. दहा हजार लिटरचा टँकर असेल तर तीन खेपा. ती तहसील कचेरीत जाते आणि मंजुरीचा आदेश पाहते: तीन खेपा मंजूर. मग गावात जाते. टँकर आल्याची नोंद करणारे लॉगबुक असते, त्यावर गावकऱ्यांच्या सह्या असतात. तिथेही तीन खेपा दिसतात, सह्या एकाच पेनाने, एकाच वळणाच्या. विहिरीवर थांबलेल्या बायका सांगतात, टँकर दोनदाच येतो, तोही एक दिवसाआड.

ती परत येऊन बातमी लिहिते. मथळा जोरदार असतो. संपादक ती बातमी परत पाठवतो. टँकरला जीपीएस आहे का, त्याची नोंद मागितली का? चालकाला विचारले का? ठेकेदाराचे म्हणणे कुठे आहे? गटविकास अधिकारी काय म्हणाले? एक दिवसाआड म्हणजे नेमक्या कोणत्या तारखा? बायकांपैकी नाव छापायला कोण तयार आहे, आणि छापले तर उद्या तिच्या घरचे पाणी कोणी तोडणार नाही ना? जलजीवन मिशनमध्ये माणशी ५५ लिटर नळाने देण्याचे ठरले होते, या गावची ती योजना कुठे अडली? ती पुन्हा गावात जाते. तीन दिवसांनी छापली जाणारी बातमी पहिल्या मसुद्याच्या निम्मी असते, तिच्यात एकही विशेषण नसते, आणि ती कोणालाही खोडता येत नाही.

या एका बातमीत अभ्यासक्रमातले चार पेपर येऊन गेले: बातमीदारी, संपादन, कायदा आणि नीतिमूल्ये. आणि ते तिच्या अंगवळणी पडले.

माहितीच्या अधिकाराचेही तसेच. २००५ चा केंद्रीय कायदा येण्याआधीच महाराष्ट्राने आपला कायदा केला होता. त्यामागे राळेगणसिद्धीपासून आझाद मैदानापर्यंतचे आंदोलन होते. राज्याच्या नियमांनुसार अर्जाला १० रुपये शुल्क लागते, अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो. १५० शब्दांत नेमके काय मागायचे, हे लिहायला शिकणे म्हणजे निम्मी पत्रकारिता शिकणे. उत्तरासाठी ३० दिवस, त्यानंतर पहिले अपील. एका सत्रात अर्ज आणि पहिले अपील दोन्ही आरामात बसतात. प्रत्येक विद्यार्थ्याने एक अर्ज करून, आलेल्या उत्तरावर एक बातमी छापावी, एवढा साधा नियम केला तरी त्या जिल्ह्यातल्या कचेऱ्यांना विद्यापीठ जवळच आहे याची आठवण राहील.

कायद्याचा पेपर तर छापत्या वृत्तपत्राशिवाय शिकवूच नये, अशी आजची स्थिती आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. बदनामीची कलमे ४९९ आणि ५०० गेली, ३५६ आले, आणि शिक्षेत समाजसेवेचा पर्याय आला. ज्या १२४अ खाली टिळकांवर खटले चालले ते कलम गेले आणि त्या जागी वेगळ्या शब्दांचे १५२ आले. वृत्तपत्र नोंदणीचा १८६७ चा कायदा जाऊन २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला. श्रमिक पत्रकारांना संरक्षण देणारा १९५५ चा कायदा कामगार संहितेत विरघळला. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातल्या वैयक्तिक माहितीच्या कलमाला हात घातला आणि पत्रकार संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. शेवटच्या पानाच्या तळाशी संपादक, मुद्रक आणि प्रकाशक म्हणून ज्यांची नावे छापायची आहेत, त्यांना हे सगळे झोप उडवून वाचावे लागते. ज्यांना फक्त परीक्षा द्यायची आहे, ते मागच्या वर्षीच्या नोट्स मिळवतात.

काही विद्यापीठांकडे सामुदायिक रेडिओ आहे. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाने २००४ मध्ये देशातले पहिले असे केंद्र सुरू केले. पुण्याच्या विद्यापीठातही ‘विद्यावाणी’ आहे. ही केंद्रे चांगले काम करतात, पण त्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. आकाशवाणीचे बातमीपत्र तेवढे जसेच्या तसे ऐकवता येते. रेडिओ आहे म्हणून वृत्तपत्राची गरज नाही, असे म्हणता येत नाही ते यासाठी.

नव्या शैक्षणिक धोरणाखाली राज्यातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ला श्रेयांक दिले जातात. हेतू चांगला आहे. प्रत्यक्षात मुलांना कुठल्यातरी दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात पाठवले जाते. तिथला उपसंपादक आधीच तीन जणांचे काम एकटा करत असतो. त्याला शिकवायला वेळ कुठून असणार? मुलांच्या हाती प्रेसनोटांचा गठ्ठा येतो. सत्कार, वाढदिवस, निवड, निवेदन. ते टाइप करून दिले की प्रमाणपत्र. प्रेसनोटची बातमी करण्याचे काम आता यंत्रही करते, आणि बरे करते. विहिरीवर जाऊन सह्यांचे वळण पाहण्याचे काम यंत्र करत नाही. विद्यापीठाने कोणते शिकवावे, हे वेगळे सांगायला नको.

शिवाय बाहेरच्या कार्यालयात मुले काय पाहतात, त्याचाही विचार व्हावा. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत एका नेत्याचे गुणगान करणारा मजकूर शब्दशः एकच, पण वेगवेगळ्या पत्रकारांच्या नावांनी छापला गेला. पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त ते उघडकीला आणले. प्रेस कौन्सिलने परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची समिती नेमली आणि २०१० मध्ये त्यांनी पैसे घेऊन छापल्या जाणाऱ्या बातम्यांवर अहवाल दिला. तालुक्याच्या प्रतिनिधीने जाहिराती आणायच्या आणि बातम्याही द्यायच्या, ही रीत राज्यात सर्वांना ठाऊक आहे. ज्या कार्यालयांत ही रीत आहे, तिथेच पत्रकारितेचे पहिले धडे गिरवायला मुलांना पाठवायचे का? जाहिरातीचा हिशेब आणि बातमीचा निर्णय वेगळे ठेवणारे एक तरी वृत्तपत्र मुलांनी आतून पाहिलेले असावे. ते दाखवणे विद्यापीठालाच शक्य आहे, कारण विद्यापीठाला नफा कमवायचा नाही.

मग हे पत्र चालवणार कोण? विभागांत पूर्णवेळ माणसे मोजकी, बाकी तासिका तत्त्वावर. नेट-सेट झालेला तरुण अभ्यासू असतो, पण बहुधा त्याने कधी रात्री अकराला पहिले पान बदललेले नसते. ज्याने ते तीस वर्षे केले, त्याच्याकडे नेट नसते. या अडचणीवर वाट २०२२ मध्येच मोकळी झाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार किमान १५ वर्षांचा अनुभव असलेल्या व्यक्तीला औपचारिक पदवीची अट न लावता नेमता येते, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत. तीन वर्षांची मुदत, अपवाद म्हणून आणखी एक. निवृत्त झालेले वृत्तसंपादक, जिल्ह्याच्या ठिकाणी आयुष्य घालवलेले बातमीदार, छापखान्यातले जाणते लोक राज्यात आहेत. मुंबईच्या सोफिया पॉलिटेक्निकमध्ये साईनाथ वर्षानुवर्षे शिकवत आले. २०१४ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या ‘पारी’ने, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने, देशाच्या खेड्यांतली कामे आणि माणसे मराठीसह अनेक भाषांत नोंदवली. काम करणारा माणूस वर्गात आला की काय होते, याचे ते जवळचे उदाहरण आहे.

आता सगळ्यांत अवघड मुद्दा. हे वृत्तपत्र विद्यापीठाविषयीही लिहील.

त्याची भीती वाटणे स्वाभाविक आहे, आणि तिथेच या मागणीची खरी परीक्षा आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातले ‘स्टॅनफर्ड डेली’ हे विद्यार्थ्यांचे दैनिक १९७३ पासून विद्यापीठापासून स्वतंत्र आहे. २०२२ मध्ये पहिल्या वर्षाला असलेल्या थिओ बेकर या विद्यार्थ्याने त्यात विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या, मार्क टेसिए-लव्हीन यांच्या, जुन्या शोधनिबंधांतल्या फेरफार केलेल्या आकृत्यांविषयी लिहिले. विद्यापीठाने चौकशी नेमली. अध्यक्षांनी स्वतः फेरफार केल्याचे समितीला आढळले नाही, मात्र चुका दुरुस्त करण्यात ते कमी पडले असे तिने म्हटले. जुलै २०२३ मध्ये त्यांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले. स्टॅनफर्डचे नाव त्यामुळे खाली गेले नाही. त्या बातमीदाराला पोल्क पुरस्कार मिळाला, आणि जिथला विद्यार्थी अध्यक्षांना प्रश्न विचारू शकतो असे विद्यापीठ म्हणून स्टॅनफर्डचा उल्लेख झाला.

महाराष्ट्रातही विषयांची कमतरता नाही. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या, निकाल महिनोनमहिने रखडले, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. लाखो उत्तरपत्रिका कुठे अडल्या, कंत्राट कसे दिले गेले, चाचणी घेतली होती का, हे प्रश्न सर्वांत आधी कोणाला पडले असतील? रोज त्याच आवारात ये-जा करणाऱ्या, स्वतःचा निकाल अडकलेल्या विद्यार्थ्याला. त्याच्या हाती त्या वेळी नियमित निघणारे, मोकळे पत्र असते, तर प्रश्न जूनमध्येच चव्हाट्यावर आला असता. कदाचित काही निकालही लवकर लागले असते.

म्हणून या पत्राचा संपादक कुलगुरूंच्या मर्जीवर नसावा. त्याच्या नेमणुकीची मुदत ठरलेली असावी, मजकूर आधी दाखवण्याची सक्ती नसावी, आणि तक्रार आली तर ती बाहेरच्या व्यक्तींच्या मंडळाकडे जावी. त्यात एक निवृत्त न्यायाधीश, एक संपादक आणि एक माजी विद्यार्थी असला तरी पुरे. हे लेखी असावे. तोंडी आश्वासन पहिल्याच अडचणीच्या बातमीला गळून पडते.

मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्नही याच मंडळाने आपला मानावा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूर तालुक्यात प्रस्तावित रिफायनरीविषयी लिहिणारे पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीवर ६ फेब्रुवारी २०२३ रोजी गाडी घालण्यात आली. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला आणि पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवला. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१७ मध्ये महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला होता, तरी हे घडले. गावपातळीवरचा बातमीदार एकटा असतो, हे त्यामागचे कटू सत्य आहे. एकटे न जाणे, नोंदी दोन ठिकाणी ठेवणे, धमकी आल्यास कोणाला कळवायचे ते आधी ठरवणे, हे सगळे शिकवता येते. विद्यार्थ्यामागे विद्यापीठ उभे आहे हे तालुक्याला माहीत असणे, हे त्याहून मोठे संरक्षण आहे.

पत्र कुठून निघावे, यालाही महत्त्व आहे. २०२१ मध्ये पुण्यातला पत्रकारिता विभाग फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमधून विद्यापीठाच्या मुख्य आवारात हलवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा आजी-माजी विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि निर्णय थांबला. त्या विरोधात जुन्या वास्तूचे प्रेम होतेच. त्याच्या पलीकडे एक व्यावहारिक शहाणपणही होते: महापालिका, न्यायालये, मोर्चे, सभागृहे आणि वृत्तपत्रांची कार्यालये जिथून चालत गाठता येतात, तिथेच बातमीदार घडतो. नवे आवार शहराबाहेर असेल तर विभागाची एक खोली बाजारपेठेत घ्यावी. फलक लावावा. लोक तक्रारी घेऊन आत येतील असे दार असावे.

खर्चाचे म्हणाल, तर पहिली दोन वर्षे पत्र संकेतस्थळावर रोज आणि छापील स्वरूपात आठवड्याला निघाले तरी चालेल. संगणक विभागात आहेत, छायाचित्रे मोबाइलवर निघतात, अनेक विद्यापीठांकडे स्वतःचा छापखाना आहे. एका दीक्षान्त समारंभाच्या मांडवावर जो खर्च होतो, त्यात किती अंक निघतील याचा हिशेब आपल्या वित्त अधिकाऱ्यांनी एकदा जरूर करावा.

आणि गरज? २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर मुंबई, पुण्यासह अनेक महापालिका वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. सर्वसाधारण सभा नाही, नगरसेवकाचा प्रश्न नाही; शहराचे निर्णय एका सहीने होत होते. या काळात स्थानिक पाने आटत होती आणि जिल्हा आवृत्त्यांतली माणसे कमी होत होती. जिल्हा परिषदेच्या सभेला, ग्रामसभेला, सत्र न्यायालयातल्या साध्या खटल्याला आज कित्येकदा एकही बातमीदार हजर नसतो. दुसरीकडे त्याच शहरात साठ-सत्तर मुले बातमीदारी शिकत वर्गात बसलेली असतात, आणि त्यांना जायला जागा नसते.

यात मराठीचाही प्रश्न आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला. अभिजात भाषेत जिल्ह्याचा अर्थसंकल्प वाचून सोप्या शब्दांत सांगणारा, शवविच्छेदन अहवालातले इंग्रजी समजून घेऊन नातेवाइकांना न दुखावता लिहिणारा, वन कायद्यावरचा निकाल गोंदियातल्या वाचकाला कळेल असा मांडणारा माणूस लागतो. तो घडतो रोज लिहून आणि रोज कोणाच्या तरी लाल शाईखाली जाऊन. नांदेड-धुळ्याकडून येणाऱ्या मुलांकडे गावाची नजर असते, बोलीचा कान असतो. इंग्रजी पाठ्यपुस्तकांच्या धाकात त्यातले बरेच काही दबून जाते. त्यांच्या हाती मराठी पत्र द्या, त्यांच्यातून उद्याचे संपादक निघतील.

माननीय कुलगुरू, पुढच्या शैक्षणिक वर्षाच्या माहितीपत्रकांची तयारी लवकरच सुरू होईल. त्याआधी विद्या परिषदेपुढे तीन ठराव यावेत, अशी विनंती आहे. पत्रकारिता विभागाचे साप्ताहिक नोंदवून सुरू करावे. त्याचा संपादक ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ म्हणून नेमावा आणि त्याच्या स्वातंत्र्याची हमी लेखी द्यावी. ऑन जॉब ट्रेनिंगचे श्रेयांक या पत्रात छापून आलेल्या, तपासलेल्या बातम्यांना मिळावेत. सगळ्या विद्यापीठांनी एकदम करण्याची गरज नाही. एका विद्यापीठाने पुढे यावे, आणि पहिला अंक वर्ग सुरू होतील त्याच दिवशी काढावा.

आपला विश्वासू,
मराठी वृत्तपत्रांचा एक वाचक